एक्कावन्न किलोंचा दाखला

खुर्ची मोडली, पण धाडकन मोडली नाही. धाडकन मोडली असती तर लोक धावले असते, हळहळले असते आणि घरी जाऊन विसरून गेले असते. ती मोडली सावकाश, अदबीनं, एखादा म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून खाली बसतो तशी.

नव्या वाचनालयाच्या सभागृहाचं उद्घाटन होतं. पहिल्या रांगेत घडीच्या कोऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधोमध प्रमुख पाहुणे बसले होते. हे निवृत्त न्यायाधीश देहानं आणि कीर्तीनं, दोन्हीकडून भरभक्कम. स्वागताचं भाषण लांबत गेलं, तसे ते जरा सैलावले, मागे टेकले, आणि खुर्चीनं त्यांना पोटाशी घेऊन स्वतःची घडी घालून घेतली. रांग सरळ राहावी म्हणून खुर्च्या एकमेकींना पट्टीनं अडकवलेल्या होत्या. त्यामुळे एक गेली ती एकटी गेली नाही, जाताना बहिणींनाही घेऊन गेली. पाच खुर्च्या, पाच मान्यवर. न्यायाधीशांचं कोपर खरचटलं. बाकी चौघांना शरीरावर कुठेच लागलं नाही. वर भिंतीवर कापडी फलक होता: ‘आधार खुर्ची. बसा निश्चिंत.’

हे सगळं चौदा सेकंदांत झालं. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत ते ज्याच्या मोबाइलवर आलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता.

आता त्या चौदा सेकंदांत ज्याच्या डोक्याचा केससुद्धा दिसत नव्हता, असा एक माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या टेबलासमोर उभा होता. कारखान्यात त्याला ‘वजनदार’ म्हणत. का, तर त्याचं वजन एक्कावन्न किलो. लग्नात एक्कावन्न होतं, मुलगी झाली तेव्हा एक्कावन्न होतं, आता चष्म्याचा नंबर वाढला, केस विरळ झाले, पण काटा हलला नाही.

वजनदार होते जावक कारकून. पण त्यांच्याकडे आणखी एक काम होतं, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्या कारकुनाकडे नसेल. नवीन खुर्ची तयार झाली की ती पहिल्यांदा त्यांच्या टेबलाशी यायची. ते तिच्यावर सात दिवस बसायचे आणि आठव्या दिवशी एका छापील कागदावर ‘उत्तम’ किंवा ‘पाठीत किंचित टोचते’ असं लिहून सही करायचे. हा ‘बैठक दाखला’. प्रथा सुरू केली होती थोरल्या मालकांनी. एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं की हा मुलगा एकदा बसला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठत नाही. तेव्हाच्या खुर्च्या अशा होत्या की घराच्या पायात आठ विटा कमी पडल्या तर लोक त्यांच्यावर भिंत चढवतील. त्या मोडतील ही शंकाच नव्हती, टोचतात का एवढाच प्रश्न होता. थोरले मालक गेले, पाइप बारीक झाला, पाठ जोडणारी रिव्हेट बारीक झाली. दाखला मात्र तसाच राहिला, आणि एक्कावन्न किलोही.

“दाखला कुणाचा?” मालकांनी विचारलं.

“माझा.”

“मग निस्तरायचं कुणी?”

“म्हणजे मीच म्हणायचं का?”

“तुमचं अक्षर चांगलं आहे,” मालक म्हणाले आणि त्यांनी कारखान्याच्या पेजचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवला. मोबाइलवर अक्षराचा काय उपयोग, हे वजनदारांच्या ओठांवर आलं होतं. पण मालकांसमोर त्यांच्या ओठांवर आलेलं आजवर ओठांच्या बाहेर कधी पडलेलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी खुलासा लिहायला घेतला. ‘सदर खुर्चीने सदर प्रसंगी केलेले वर्तन हे तिच्या आजवरच्या लौकिकास साजेसे नाही’ अशी सुरुवात करून तीन फुलस्केप भरले. बातमी जिन्यावरून खाली गेली, वर गेली, आणि चहा व्हायच्या आत सल्लागार मंडळ जमलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त तारमास्तर आले. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

“आधी दुखतंय हे कबूल करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग बधिर करा. मग उपटा.”

“काय उपटू?”

“ते तुमचं तुम्ही बघा. मी पद्धत सांगितली.”

तारमास्तरांनी कागद मागून घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि लाल पेन काढलं. आयुष्यभर लोकांचे जन्म, मरण आणि बदल्या आठ शब्दांत बसवलेला माणूस तो. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर सहीच्या जागेपाशी ते जरा घुटमळले, मग तीही छाटली.

“बाबा, लोक दोनच ओळी वाचतात,” मुलगी आतून म्हणाली.

“पोरीला कळतं,” तारमास्तर म्हणाले.

शेवटी पेजवर गेलं ते असं: ‘आधार खुर्ची पडली. पाहुणे सुखरूप. क्षमस्व. पत्र मागाहून.’

अर्ध्या तासात या ओळींखाली लोकांच्या कमेंटची रीघ लागली. ‘खुर्चीची तब्येत कशी आहे? शुद्धीवर आली का?’ ‘पत्र उभ्यानं लिहिताय ना? जपा.’ एका सुनेनं लिहिलं, ‘आमचे सासरे याच खुर्चीत बसतात. कृपया मॉडेल बदलू नये.’

आता शहाण्या माणसानं मोबाइल पालथा ठेवून झोपून जावं. पण वजनदार जावक कारकून होते. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, आणि आलेल्या क्रमानंच गेलं पाहिजे, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी वहीत रेघा मारल्या, एकेका कमेंटला क्रमांक दिला आणि उत्तरं द्यायला बसले. सुनेला कळवलं, ‘आपल्या सासऱ्यांचा खरेदी पावती क्रमांक कळवावा.’ तब्येत विचारणाऱ्याला कळवलं, ‘आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. खुर्ची सभागृहातच आहे.’

हे शेवटचं वाक्य भलतंच महागात पडलं. लोक सभागृहात जाऊन मोडक्या खुर्च्यांशेजारी आडवे पडून फोटो काढू लागले.

त्या खुर्च्या तिथून हलवाव्यात म्हणून वजनदार अर्ज घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं जाड नोंदवही उलटली, बोट फिरवलं आणि मान हलवली. “चाळीस खुर्च्या, सुस्थितीत. मोडकी एकही नाही.”

“अहो, पाच मोडल्यात. सगळ्या गावानं पाहिल्यात.”

“गावानं पाहिल्या असतील, वहीनं नाही पाहिल्या. मोडक्या नाहीत, तर मोडक्या बाहेर कशा सोडू?”

“मग वहीत मोडक्या म्हणून लिहा.”

“त्याला वापरणाऱ्याची तक्रार लागते. लेखी.” कारकुनानं आवाज उतरवला. “न्यायाधीशसाहेबांकडून आणता का? आणा. मीही बघतो कसे आणता ते.”

वजनदारांना त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. एका कारकुनाला दुसऱ्या कारकुनाचं दुःख कळतं, फक्त त्याचा अर्जाला उपयोग नसतो.

इकडे मालकांना कुणीतरी अक्कल दिली की वाईट शब्दांवर उपाय चांगले शब्द. कारखान्याच्या फलकावर आदेश लागला: प्रत्येक कामगारानं आपल्या दहा नातेवाइकांकडून पेजवर खुर्चीची स्तुती लिहून घ्यावी. ‘भीक नको, पण कुत्रं आवर’ म्हणायची पाळी यायची असेल तर नातेवाइकांना बोलवावं, हे मालकांना ठाऊक नव्हतं. त्यांचे सगळे नातेवाईक परदेशात होते.

वजनदारांच्या बाजूनं पहिली स्तुती आली थोरल्या मेहुणीची. तिनं लिहिलं, ‘खुर्ची फार छान. आमच्याकडे अशा दोन आहेत. तिसरी धाकटीकडे आहे. ती आईनं मला दिलेली. नऊ वर्षं झाली, अजून परत आली नाही. असो.’

वजनदारांची बायको भाजी निवडत होती. तिनं हात पुसले, मोबाइल घेतला आणि कारखान्याच्या पेजवर, न्यायाधीशांच्या फोटोच्या बरोबर खाली, उत्तर लिहिलं, ‘ताई, ती खुर्ची आईनं मलाच दिली. तुला शिवणाचं मशीन दिलं, ते विसरलीस का?’

“अगं, ते सगळ्यांना दिसतं,” वजनदार म्हणाले.

“दिसू दे. मला तिलाच दाखवायचंय, पण सगळ्यांना दिसलं तरी चालेल.”

मग मावशी आल्या. मग मामा आले आणि त्यांनी लिहिलं, ‘दोघी भांडू नका, खुर्ची एव्हाना मोडली असेल.’ मग कधी न पाहिलेली, कुठल्या कुठली माणसं मध्ये पडली. निम्मी थोरलीच्या बाजूची, निम्मी धाकटीच्या. एका गृहस्थांनी मशीन कुठल्या कंपनीचं होतं हे विचारलं. जेवणं होईतो एकशे बावीस कमेंट झाल्या, आणि त्यात न्यायाधीशांचं नाव एकदाही नव्हतं. वजनदारांची बायको रागावली की तिला यमक सुचायचं, हा तिचा माहेरचा वारसा. ती भांडी आवरताना पुटपुटत होती, “खुर्ची माझ्या आईची, जीभ माझ्या ताईची, अब्रू गेली बाईची.” थोड्या वेळानं तेही पेजवर दिसलं. त्याला सगळ्यात जास्त लोकांनी पसंती दिली.

सकाळी मालकांनी त्यांना बोलावलं तेव्हा ते ओरडले नाहीत.

“हे पेज आहे की माजघर?” मालक म्हणाले. “ते राहू द्या. वकिलांशी बोललो. लोकांना कुणीतरी जबाबदार पाहिजे असतो, एवढंच. उद्या दहा वाजता एक पोस्ट टाका. ‘एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे रिव्हेट सैल राहिली. त्याला कामावरून दूर करण्यात आलं आहे.’ बस.”

“कुणाला?”

“रिव्हेट कोण मारतं?”

रिव्हेट मिस्त्री मारायचे. दुसरं कुणी मारतच नव्हतं. निवृत्तीला त्यांना दोन वर्षं होती, आणि घरी पायानं अधू झालेला मुलगा होता, ज्याचं सगळं मिस्त्रींच्या हातांवर चालायचं. कारखान्यात वजनदारांच्या आधी लागलेला तो एकच माणूस उरला होता.

“दुसरं काही...” वजनदार म्हणाले.

“दहा वाजता,” मालक म्हणाले.

दुपारी वजनदार शेडमध्ये गेले. सांगावं, सावध करावं, एवढंच मनात होतं. मिस्त्री ऐरणीपाशी होते. हातोड्याचा एक ठोका जड, दोन हलके. एक जड, दोन हलके. तो ताल वजनदारांनी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता, की तो थांबला तरच त्यांचं लक्ष जायचं. आत्ता तो थांबला.

“या, वजनदार.” मिस्त्रींनी पायानं एक स्टूल पुढे ढकललं. “बसा. मेहुणीनं खुर्ची दिली का परत?”

“ती आमच्याकडेच आहे.”

“मग देऊन टाका की. कशाला सगळ्या गावाला जागरण.” मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हसले. “सबंध बसा हो. एकतीस वर्षं बघतोय, तुम्ही बसता ते उठायच्या बेतानं. चार बोटं टेकता आणि बाकी सगळं पायांवर.”

वजनदारांनी खाली पाहिलं. खरंच, ते स्टुलाच्या कडेवर होते. त्यांना नोकरीचा पहिला दिवस आठवला. थोरल्या मालकांच्या समोरची खुर्ची, ‘बसा’ म्हटल्यावर आपण टेकवलेली चार बोटं, ताठ पाठ. ती पाठ तेव्हापासून कशालाच टेकली नव्हती. न्यायाधीश ताठ बसले होते तोवर खुर्ची धड होती. ते मागे टेकले तेव्हा ती गेली. आणि आधार खुर्चीची पाठ कशी लागते, हे सात दिवस तिच्यावर बसून दाखला देणाऱ्या माणसाला माहीतच नव्हतं.

“काय झालं?” मिस्त्री म्हणाले. “चेहरा असा का?”

“काही नाही. चहा घेतो.”

चहा घेतला, आणि सांगायचं ते न सांगताच ते परत आले.

संध्याकाळी बायको शेजारी येऊन बसली तेव्हा ते कोऱ्या कागदाकडे बघत होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

“मिस्त्रींची नोकरी गेली तर वाईटच,” ती म्हणाली. “पण अहो, तुमची गेली तर?”

“हं.”

“त्यांचं घर मला चालवायचं नाही. हे चालवायचंय.”

“हं.”

“नुसतं हं हं काय? लिहिणार आहात ना तुम्ही?”

“विचार करतोय.”

“विचार करताना तुम्ही पेनाचं टोपण काढत नाही. मला माहितीय.” ती उठली, दिवा लावला. “लिहायचंच असेल तर त्या तारमास्तरांचं ऐकू नका. पूर्ण लिहा.”

दुसऱ्या दिवशी साडेनऊला पेजवर हे गेलं:

‘मी या कारखान्यात खुर्च्यांना दाखला देतो. माझे वजन एक्कावन्न किलो आहे. मी नोकरीला लागल्यापासून मागे टेकून बसलेलो नाही. पहिल्या दिवशी मालकांसमोर भीड वाटली म्हणून कडेवर बसलो, ती सवय राहिली. आधार खुर्चीवरही सात दिवस कडेवरच बसलो आणि ‘उत्तम’ असे लिहून दिले. तिची पाठ मी तपासलेली नाही. रिव्हेट मारणाऱ्यांना जी रिव्हेट दिली गेली, ती त्यांनी नीट मारली. ज्यांच्या घरी ही खुर्ची आहे त्यांनी तिला टेकू नये. कारखान्यात आणावी. दुरुस्त करून देऊ.’

शेवटची तीन वाक्यं त्यांनी कुणाला विचारून लिहिली नव्हती. तक्रारीच्या उत्तराचा शेवट तसाच करायचा असतो, म्हणून हात आपोआप तिकडे गेला.

पहिली कमेंट आली, ‘काका, जेवत जा.’ दुसरी तशीच. मग एकानं लिहिलं, ‘मीही कडेवरच बसतो. नोकरीला बावीस वर्षं झाली.’ त्याच्या खाली कुणी शिक्षिका, ‘मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही सगळ्याच.’ त्याच्या खाली कुणी, ‘मी तर सासरी.’ वजनदार वही उघडून क्रमांक देऊ लागले, पण या कमेंटना उत्तर काय द्यायचं ते त्यांना कळेना. आणि मधेच कुणीतरी विचारलं, ‘कारखाना किती वाजता उघडतो?’

दहा वाजता मालक आले ते थेट त्यांच्या टेबलाशी.

“मी काय लिहायला सांगितलं होतं?”

“ते खोटं होतं,” वजनदार म्हणाले. आवाज इतका बारीक होता की त्यांना स्वतःलाच तो दोन टेबलं पलीकडून आल्यासारखा वाटला.

“खरं-खोटं वकील बघतील. ‘दुरुस्त करून देऊ’ हे काय आहे? कोण देणार? कुठे देणार? तुमचा दाखल्याचा छापील गठ्ठा आणा इकडे. आजपासून तुम्ही एकाही खुर्चीवर सही करायची नाही.”

वजनदारांनी गठ्ठा दिला. तेवढ्यात पहारेकरी आत आला. “साहेब, गेटवर एक जण आलाय. डोक्यावर खुर्ची आहे.”

“जायला सांगा.”

“मागे अजून तिघं आहेत. आणि एक टेम्पो.”

मालक खिडकीशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. माणसं येत होती. कुणी खुर्ची काखोटीला मारून, कुणी सायकलच्या मागे बांधून. कुणी चिडलेलं दिसत नव्हतं. सगळे एखाद्या आजारी माणसाला दाखवायला आणल्यासारखे उभे होते. आणि रस्त्यापलीकडे दोघं जण मोबाइल वर धरून होते.

“जाड रिव्हेट कोण मारू शकतं?” मालक न वळता म्हणाले.

“मिस्त्री,” पहारेकरी म्हणाला. “दुसरं कोण?”

मालक म्हणाले, “बोलवा.”

दहा वाजता ज्यांना काढायचं होतं, ते मिस्त्री साडेदहाला गेटजवळ सावलीत ऐरण मांडून बसले. वजनदार शेजारी टेबल टाकून पावत्या लिहायला लागले. मिस्त्रींनी पहिल्या तीन खुर्च्या संपवल्या तरी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चौथीला म्हणाले, “पहारेकऱ्यानं वाचून दाखवलं मला.”

“हं.”

“मला वाचवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“तुम्हाला नाही वाचवलं. माझं मी लिहिलं.”

“अर्धं लिहिलंत.” मिस्त्रींनी जुनी रिव्हेट ठोकून बाहेर काढली आणि त्यांच्या वहीवर ठेवली. “सहा मिलिमीटरची पुरणार नाही, आठची पाहिजे, असं मी म्हणालो होतो. एकदा म्हणालो. मालक ‘चालेल’ म्हणाले, तर गप्प बसलो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. तेही लिहा.”

वजनदारांनी पेन उचललं. “आता लिहू?”

“आता पावत्या लिहा. माणसं ताटकळलीत.”

दुपारपर्यंत ठरून गेलं, कुणी ठरवलं नाही तरी. दुरुस्त झालेल्या खुर्चीवर तिच्या मालकानं स्वतः बसायचं, मागे टेकायचं, हवं तर झुलायचं, आणि मगच न्यायची. एक पहिलवान गडी दोनदा आपटून बसला. एक आजीबाई बसल्या, टेकल्या, आणि “टोचते” म्हणाल्या. मिस्त्रींनी कानशीनं कड घासून दिली.

मग एक बसकंडक्टरबाई आल्या. ड्यूटी संपवून तशाच आल्या होत्या, गणवेशात, तिकिटांची पिशवी खांद्यावर. चांगल्या धिप्पाड. खुर्ची झाली तशा त्या बसल्या, मागे टेकल्या, आणि सगळी रांग कानांत प्राण आणून ऐकत राहिली. खुर्ची करकरली नाही. बाईंनी डोळे मिटले. सकाळपासून उभ्या असणार, कदाचित सकाळी पाचपासून. वजनदार पावती हातात धरून वाट बघत होते. हळूहळू बाईंची मान एका बाजूला कलली, ओठ किंचित उघडे पडले, आणि त्यांना झोप लागली.

मिस्त्रींचा हातोडा वर गेला होता, तो त्यांनी तसाच अलगद मांडीवर ठेवला.

मालक दारातून आले. त्यांनी बाईंना पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. “वजनदार, फोटो काढा. आत्ता. पेजवर टाका. याहून चांगली जाहिरात नाही.”

“विचारायला हवं त्यांना,” वजनदार म्हणाले.

“मग विचारा.”

“झोपल्यात.”

“मग उठवा.”

वजनदारांनी पावती टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिले. मिस्त्रींनी मांडीवरचा हातोडा उचलला नाही. रांगेतला पहिलवान मालकांकडे बघत राहिला. मालकांनी स्वतःच खिशातून मोबाइल काढला, वर धरला, आणि थोडा वेळ धरून राहिले. बाईंचा हात तिकिटांच्या पिशवीवर होता, झोपेतही घट्ट. मालकांनी मोबाइल खाली घेतला. मग पहारेकऱ्याला जवळ बोलावून त्याच्या कानाशी वाकले.

“टेम्पोवाल्याला सांग,” ते कुजबुजले, “हॉर्न वाजवू नको म्हणावं.”

रांगेत तेवीस माणसं होती. प्रत्येकाच्या हातात एक खुर्ची होती, आणि बसायला एकालाही जागा नव्हती. पण कुणी कुरकुरलं नाही.